वेलदोड्याच्या डबीतलं चाक

वरच्या अक्कांच्या गच्चीवरून आज सकाळी कुरडईच्या चिकाचा वास खाली उतरला आणि मला टर्पेंटाइनची आठवण झाली. गव्हाच्या चिकाचा आणि टर्पेंटाइनचा काय संबंध, असं कुणीही विचारील. आमच्या घरात आहे. गेल्या उन्हाळ्यापासून हे दोन वास माझ्या डोक्यात असे जोडीनं बसलेत की एक आला आणि दुसरा नाही आला, तर भाजीत मीठ विसरल्यासारखं वाटतं.

जळगावचा एप्रिल मला आवडतो असं म्हटलं तर लोक वेड्यात काढतील. सकाळी नऊलाच नळाचं पाणी चटका देतं. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. घराघरांतून कूलरची घरघर आणि ओल्या गवताचा वास तेवढा बाहेर येतो. तरी मला आवडतो. एक तर मी शाळेत गणित शिकवते आणि एप्रिल म्हणजे नववीचे पेपर. दुसऱ्याच्या चुका शोधायची मला हौस आहे, हे मी कधी लपवलेलं नाही. दुसरं कारण म्हणजे गेल्या एप्रिलात आमच्या जेवणाच्या टेबलावर एक विमान उतरलं. उतरलं म्हणजे तुकड्यातुकड्यांनी.

बाजारातल्या ज्या दुकानातून मी लाल पेन घेते, त्या दुकानाच्या शेठजींनी माळा उपसायला काढला होता. दुकान त्यांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन थाटलेलं, आणि माळ्यावर आजोबांच्या काळापासूनचा माल. शेठजींनी एक खोका फुंकर मारून माझ्यापुढे ठेवला. झाकणावरचं चित्र उन्हानं उडून गेलेलं, पण विमान ओळखू येत होतं. एकावर एक असे दोन पंख, पुढे पंखा, खाली दोन चाकं, दोन उघड्या बैठका. जुन्या काळी वैमानिकांना शिकवायचं विमान. आत करड्या प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले बारीक बारीक सुटे भाग, आणि परदेशी भाषेतला एक कागद, ज्यावर सुदैवानं चित्रंच जास्त होती.

"मॅडम, वडील होते तेव्हा आणलेला माल आहे. एकदासुद्धा कुणी हात लावला नाही," शेठजी म्हणाले. "तुम्ही घेऊन जा. तुमच्या घरी कुणी ना कुणी जोडेल."

तो कुणी ना कुणी त्या वेळी आमच्या घरी खाटेवर पाय मुडपून भिंतीकडे बघत बसलेला होता. माझे वडील. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही.

आबा धुळ्याचे. मुंबई-आग्रा रोडवरच्या गॅरेजांमध्ये त्यांनी चाळीस वर्षं ट्रक रंगवले. मागच्या फळीवर मोर, दोन्ही बाजूंना कमळं, काचेवर देवाचं नाव, आणि पुढे-मागे गाडीचा नंबर. नंबरावर त्यांचा विशेष जीव. धुळ्याच्या गाडीचं पासिंग एमएच अठरा, जळगावचं एकोणीस. अठरा लिहिताना आबांचा हात मोकळा सुटायचा. एकोणीसची गाडी आली की कपाळावर आठी घालून लिहायचे, वर ड्रायव्हरला चिडवायचे, की इतका लांब जळगावाहून आलास, तिकडे कुणाला ब्रश धरता येत नाही का? मग रेडियमचे स्टिकर आले. कात्रीनं कापा, चिकटवा, पाच मिनिटांत गाडी बाहेर. आबांनी ब्रश धुऊन डब्यात ठेवले आणि त्याबद्दल घरात एक शब्द काढला नाही. मला त्यांच्या त्या न बोलण्याचं फार वाईट वाटायचं.

आई गेल्यावर ते धुळ्याच्या दोन खोल्यांत एकटेच राहत होते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत बल्ब बदलताना स्टुलावरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. मी जाऊन त्यांना घेऊन आले. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण आबा काही जुळेनात. त्यांच्या हिशेबानं हे लेकीचं घर. जुन्या माणसांचं एक पक्कं असतं, लेकीकडे पाहुणा म्हणून यायचं आणि पाहुणा म्हणूनच निघायचं. माझी आई तर नातवंडं होईपर्यंत आमच्याकडे पाणीसुद्धा प्यायली नव्हती, आणि ती नातवंडं आता शिकायला बाहेरगावी आहेत.

"आंडेरना घर आठ दिन," आबा म्हणायचे. आंडेर म्हणजे लेक. "नववा दिन ओझं."

मी त्यांच्याशी शाळेतली मराठी बोलते आणि ते माझ्याशी अहिराणी. दोघांनाही त्यात कधी वावगं वाटलेलं नाही. त्यांची रेक्झिनची बॅग खाटेखाली भरलेली असायची. सदरा धुऊन वाळला की घडी करून थेट बॅगेत. मी त्यांच्यासाठी कपाटातला एक खण रिकामा केला होता, त्यात ते चष्म्याची डबीसुद्धा ठेवत नव्हते. आमचे हे दीपनगरच्या वीज केंद्रात पाळीवर असतात. त्यांनी एकदा म्हणून पाहिलं, "आबा, इथंच राहा ना कायमचे." आबांनी त्याच संध्याकाळी धुळ्याच्या बसची वेळ विचारली. रविवार आला की बसचा विषय निघायचा. मी काहीतरी निमित्त काढून तो पुढे ढकलायचे, कारण धुळ्यात तो स्टूल अजून तिथेच होता आणि आबांचा स्वभावही तोच होता.

म्हणून खोका घरी आणला तो मी टेबलावर नुसता उघडून ठेवला. टेबलाच्या एका टोकाला पेपरांचे गठ्ठे घेऊन बसले. तिसऱ्या पेपरापर्यंत आबा पाणी प्यायला म्हणून उठले. पाचव्या पेपरापर्यंत एक तुकडा त्यांच्या बोटांत होता.

"हाई कोनी बनाडं?" ते म्हणाले. पंखावर कापड ताणल्यावर खालच्या फासळ्या दिसतात ना, तशा रेषा त्या प्लास्टिकवर उठवलेल्या होत्या. आबा त्यावरून अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, "हाई इतलं व्हयनं का मी निंघनू."

हे एवढं झालं की निघालो. मी मान हलवली आणि हातातल्या पेपराच्या पोराला गुणाकारात दोन मार्क जास्त देऊन टाकले.

त्या दिवसापासून टेबलाची फाळणी झाली. माझ्याकडे बीजगणित, त्यांच्याकडे विमान. ताटं आम्ही मांडीवर घेऊन जेवायचो. खोक्यातली गोंदाची ट्यूब दगड झालेली, म्हणून मी पाण्यासारखा पातळ गोंद मागवला. आबांनी नखं घासायची पट्टी घेऊन प्रत्येक तुकड्याची कड तासली. मनगट पहिल्यांदा दुखायचं, हातही जरा थरथरायचा, तेव्हा ते कोपर टेबलाला टेकवून श्वास धरायचे आणि मगच ब्रश टेकवायचे. श्वास धरलेला माणूस समोर असला की आपणही धरतो. माझी तपासणी त्या वर्षी अर्ध्या वेगानं झाली.

बैठकीसमोरची घड्याळं तांदळाच्या दाण्याएवढी. त्यांच्यात काटे काढायचे होते. आबांनी ब्रशचे केस कापत कापत एकच शिल्लक ठेवला आणि त्या एका केसानं काटे काढले. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाच्या चंदेरी कागदाचे पट्टे कापून बैठकांना लावले. पुढे-मागे बसवायला दोन माणसं होती, प्रत्येकी चिंचोक्याएवढी. पुढच्याला आबांनी भरघोस मिशी काढली.

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या अक्का मूळच्या अमळनेरकडच्या. सोऱ्या मागायला आल्या आणि टेबलाशीच खिळल्या. "आबा, हाऊ कोन शे?"

"ड्रायव्हर."

"आनि हाऊ मांगला?"

"क्लीनर," आबा गंभीरपणे म्हणाले. अक्कांनी क्लीनरकडे बघून घेतलं आणि त्याला पण मिशी पाहिजे म्हणाल्या. आबांनी ऐकलं नाही. त्यांच्या मते क्लीनरचं वय कमी असतं.

विमानावर चिकटवायची चिन्हं आणि आकडे खोक्यात होते, पण इतक्या वर्षांत पिवळे पडलेले. पाण्यात सोडले तसे त्यांचे कण कण झाले. मला वाटलं, आता आबा हिरमुसतील. त्यांचा चेहरा तर असा उजळला की काय सांगू! "बरं व्हयनं," ते म्हणाले. "चिटकाडाले कसाले पेंटर पाहिजे?" गोल चिन्हं त्यांनी नाण्याभोवती पेन्सिल फिरवून आखली आणि हातानं रंगवली. रेडियमच्या स्टिकरचा सूड इतक्या वर्षांनी, एका वीतभर विमानावर निघाला. शेपटीवर नंबराची जागा तेवढी मोकळी ठेवली होती. तिथे पेन्सिलीनं फिकट अठरा काढलेलं होतं. ते मी रोज बघायचे आणि रोज मला टोचायचं.

आणि मग तो दिवस. वरचा पंख टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या ट्रकच्या पिवळ्यानं रंगवून झाला होता. आबांनी चाळीस वर्षं जे केलं तेच केलं. धुळ्यात रंग दिला की पत्रा उन्हात. ते पंख घेऊन गच्चीवर गेले. अक्कांचं वाळवण पसरलेलं होतं, पांढऱ्या धोतरावर कुरडयांच्या रांगा. त्या रांगेच्या शेवटी आबांनी पंख ठेवला, वर जाळी टाकली, आणि खाली येऊन झोपले. मे महिन्यातली जळगावची गच्ची! चार वाजता अक्का वाळवण पालटायला गेल्या आणि तिथूनच ओरडल्या.

पंख मधोमध खचला होता. दोन्ही टोकं वर उचललेली आणि शेवटची कुरडई त्याच्या पोटाला चिकटलेली. मला आधी हसू फुटलं, मग मी आबांकडे पाहिलं आणि ते आवरलं. त्यांनी पंख हातात घेतला, कुरडई हळूच सोडवली, पंख टेबलावर ठेवला आणि खाटेखालची बॅग ओढली.

"हात गया व्हता," ते म्हणाले. "आते डोकं बी गयं. माले धुळे जाऊ दे."

पत्रा आणि प्लास्टिक यातला फरक विसरलो, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. ज्या माणसाला रंगाच्या वाळण्यातलं सगळं कळत होतं, त्याला आपल्यालाच आपण परके झालो असं वाटलं असणार. मी समजूत घालायला शब्द शोधत होते. गणिताच्या बाईकडे असे शब्द कमी असतात. तेवढ्यात अक्का कमरेला पदर खोचून आत आल्या.

"आबा, पापड वाकडा व्हयना तं फेकी देतस का आपन?" त्या म्हणाल्या. "ओला फडका टाकतस, वर पाट ठेवतस. सरळ व्हई जास."

आबांनी बॅगेची चेन अर्ध्यावर थांबवली.

हे आमच्याकडे प्रत्येक बाईला ठाऊक आहे. उन्हानं पापड वळला की त्याला ओलाव्यानं मऊ करायचं आणि दाबून ठेवायचं. पंखासाठी आम्ही परातीत गरम पाणी घेतलं. उकळतं नाही, बोटाला सोसेल न सोसेल इतपत. अक्कांनी पंख पाण्यात धरला, पापडाचा अंदाज घेतात तसा दोन बोटांनी अंदाज घेतला, आणि "आते!" म्हणाल्या. आबांनी तो पोळपाटावर घेतला, ओला फडका, वर दुसरा पोळपाट, त्यावर वरवंटा, आणि वरवंट्यावर माझे नववी 'ब'चे पेपर. दुसऱ्या दिवशी सकाळी पंख सरळ निघाला. एका टोकाला अगदी किंचित उचललेला राहिला, तो अजूनही तसाच आहे. रंग उडाला होता तो आबांनी पुन्हा दिला आणि कूलरसमोर वाळवला. बॅग परत खाटेखाली गेली, पण रिकामी झाली नाही.

त्यानंतर दोन पंखांमधल्या तारा. उरलेल्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीवर तापवून दोन्हीकडे ओढला की केसाएवढी बारीक तार निघते, हे मी मोबाइलवर पाहून शिकले होते. आबांनी पहिली तार ओढली तेव्हा अक्का म्हणाल्या, "हाई तं शेवया!" मग त्यांनीही ओढल्या, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या तारा आबांपेक्षा एकसारख्या होत्या. आमचे हे पाळीवरून येऊन डोळे चोळत टेबलापाशी उभे राहिले, "वा," म्हणाले आणि झोपायला गेले.

मे संपत आला आणि विमानही संपत आलं. हे मला दिसत होतं. एका शनिवारी आबा म्हणाले, "रविवारले चाकं लावसू, सोमवारले निंघसू." दुपारी ते झोपले. टेबलावर बाटलीच्या झाकणात दोन काळी चाकं होती. मी झाकणातून एक चाक वजा केलं.

सांगायला लाज वाटते. वर्गात कुणाच्या बाहीत चिठ्ठी सापडली की मी केवढा तमाशा करते! पण त्या दुपारी माझ्या हातानं ते चाक उचललं आणि स्वयंपाकघरात वेलदोड्याच्या डबीत टाकलं. वेलदोडा आमच्याकडे सणाला नाहीतर पाहुण्यांना. ती डबी श्रीखंडापर्यंत कुणी उघडणार नाही, असा माझा हिशेब.

मग शोध सुरू झाला. खाट सरकवली, कूलर हलवला, केरसुणीच्या काड्या उलगडून पाहिल्या. अक्कांनी त्यांचे पापडांचे डबे हलवून पाहिले, काही वाजतंय का म्हणून. मी सगळ्यांच्या पुढे गुडघ्यावर बसून शोधत होते, तोंड मात्र फरशीकडेच. आबाच सगळ्यांत शांत.

"सापडी, सापडी," ते म्हणाले. "घाई काय शे?"

सोमवार गेला. पुढचाही गेला. आबांनी दरम्यान विमान जुनं करायला घेतलं. नवंकोरं विमान खोटं वाटतं म्हणाले. धुराच्या नळीच्या मागे काजळी धरली, ती निरांजनाची खरी काजळी. इंजिनाखाली तेलाचा ओघळ. ड्रायव्हर पाय देऊन चढतो तिथे पिवळा रंग खरवडून आतला करडा दाखवला. पंखाच्या कडेला लाल बारीक रेघ ओढली, ट्रकच्या फळीला असते तशी. हात आता थरथरत नव्हता. मी बघत राहायचे. मनात खूश व्हायचे, आणि चहा पिताना डबीकडे नजर गेली की खजील व्हायचे.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मात्र मला राहवेना. दुसऱ्या दिवशी पोरांना खरं बोला म्हणून सांगायचं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन डबी उघडली. आत वेलदोडे होते, तेही अर्ध्यावर आलेले. चाक नव्हतं. मी ताटलीत डबी उपडी केली. नव्हतंच.

"काय, येलदोडा पाहिजे का?" आबांनी बाहेरून विचारलं.

मी टेबलापाशी गेले. "आबा, चाक मी घेतलं होतं," म्हणाले.

आबांनी सदऱ्याच्या खिशातून ते काढून झाकणात ठेवलं. "माले ठाऊक शे. दुसराच दिन सापडनं. मी रोज सकायले चहामा येलदोडा टाकस ना."

रोज सकाळी आम्ही उठायच्या आत ते आपला चहा आपण करून घेत. साखर कमी घालतो, असं डॉक्टरांना सांगत होते. वेलदोड्याचं कुणालाच सांगत नव्हते.

"मग बोलला का नाहीत?"

आबांनी झाकणातलं चाक बोटानं फिरवलं. मग म्हणाले, "चाक लावं असतं तं गाडी शेडमाईन बाहेर काढनी पडती."

मला रडू आलं आणि त्याच्यात हसूही मिसळलं. पंधरा-वीस दिवस आम्ही दोघं एकाच गोष्टीसाठी एकमेकांना फसवत होतो, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला काही कळत नाही. आबांनी मात्र मला रागवायची संधी सोडली नाही. मला चाक धरायला लावलं, स्वतः गोंदाचा थेंब सोडला, आणि वाकडं धरलंस म्हणून रागावले. विमान दोन्ही चाकांवर उभं राहिलं. आता काय, हे विचारायचा मला धीर होईना.

"पासिंग राहिनं," आबा म्हणाले. बोटानं शेपटीवरच्या पेन्सिलीच्या फिकट आकड्यावर टिचकी मारली. "उद्या लिखसू."

दुसऱ्या दिवशी पोरांनी शाळा डोक्यावर घेतली होती आणि माझं कशात लक्ष नव्हतं. चाक लागलं, उद्या नंबर, म्हणजे परवा बस. घरी आले, चप्पल काढता काढता खाटेखाली पाहिलं. बॅग नव्हती. खाट झटकलेली, चादर सरळ. मी उभीच राहिले. मग टेबलाकडे पाहिलं. विमान एकटंच, माझ्याकडे शेपटी करून.

शेपटीवर काळ्या रंगात, पांढरी सावली दिलेले, ट्रकच्या थाटातले आकडे होते. एमएच एकोणीस. पेन्सिलीचं अठरा खोडरबरानं पुसलेलं होतं. एकोणीस लिहिताना आठी घालून लिहिलेलं नव्हतं, इतकी मला त्यांच्या हाताची ओळख आहे.

"आबा!" मी हाक मारली. ते स्वयंपाकघरातून ब्रश पुसत आले.

"बॅग कुठं गेली?"

"माळ्यावर टाकी. खाटखाले धूळ बसस."

"आणि हे? एकोणीस?"

आबांनी विमान उचललं, नंबर उजेडाकडे धरून एकदा नीट पाहिला आणि पुन्हा ठेवला.

"गाडी जठे ऱ्हास, तठलंच पासिंग ऱ्हास," ते म्हणाले. "आते चहा टाक. येलदोडा उघडपने टाक."